मालमोटारीच्या एंजिनाची पुनर्बांधणी व शक्तिवर्धन

दीर्घकाळ चालून झिजलेले मालमोटारीचे एंजिन पूर्ण उकलून, त्याच्या प्रत्येक भागाचे मापन करून आणि झिजलेले भाग बदलून अथवा त्यांवर यंत्रण करून ते पुन्हा मूळ मापांच्या मर्यादेत आणणे, या क्रियेस एंजिनाची पुनर्बांधणी म्हणतात. या वेळी हवा व इंधन यांचा पुरवठा वाढवून एंजिनाची शक्ती मूळ शक्तीपेक्षा अधिक केल्यास त्यास शक्तिवर्धन म्हणतात. या दोन क्रिया पुष्कळदा एकत्रच केल्या जातात. तथापि त्यांचे हेतू भिन्न आणि काही अंशी परस्परविरोधी आहेत. पुनर्बांधणीने एंजिनाचे आयुष्य वाढते, तर शक्तिवर्धनाने प्रत्येक भागावर पडणारा दाब व उष्णता यांत भर पडते. डीझेल एंजिनाची शक्ती वाढविणे तसे सोपे असते. वाढलेला भार सोसण्याची कुवत जुन्या एंजिनात आणणे हे खरे अवघड काम होय. म्हणून प्रथम मापन, नंतर पुनर्बांधणी, त्यानंतर हवेचा पुरवठा आणि सर्वांत शेवटी इंधन, असा या कामाचा क्रम ठेवावा लागतो. हा क्रम उलटा केल्यास थोड्याच काळात एंजिन निकामी होण्याचा संभव असतो.

उदाहरणादाखल एंजिन : या विषयातील बहुतेक प्रश्न अमेरिकेतील कमिन्स कंपनीच्या ‘बी’ मालिकेतील सहा सिलिंडरांच्या डीझेल एंजिनावरून स्पष्ट करता येतात. हे एंजिन १९८० नंतरच्या दशकाच्या पूर्वार्धात शेतीची व बांधकामाची यंत्रे यांसाठी तयार झाले आणि १९८९ पासून ते अमेरिकेतील डॉज बनावटीच्या हलक्या मालमोटारींत बसविले जाऊ लागले. त्याच्या सिलिंडराचा व्यास १०२ मिमी. व दट्ट्याची म्हणजे पिस्टनाची धाव १२० मिमी. असून सहा सिलिंडरांचे एकूण घनफळ ५,८८३ घ. सेंमी. होते. १९८९ मध्ये या गाड्यांतील त्याची शक्ती १६० अश्वशक्ती होती. २००४ ते २००७ या काळात याच घनफळाच्या एंजिनापासून ३२५ अश्वशक्ती मिळू लागली. मात्र ही दुप्पट वाढ केवळ अधिक इंधन सोडून झालेली नाही. १९९१ मध्ये संपीडित हवा थंड करणारा आंतरशीतक बसविण्यात आला. १९९८ मध्ये प्रत्येक सिलिंडरास दोनऐवजी चार झडपा आल्या आणि २००३ मध्ये सामाईक नळीतून अतिउच्च दाबाने इंधन अंतःक्षेपित करण्याची पद्धत स्वीकारण्यात आली. दट्ट्ये व इतर भागही वेळोवेळी सुधारण्यात आले. निर्मात्यास जी वाढ साधण्यास पंधरा वर्षे लागली, ती जुन्या एंजिनावर एखादा स्क्रू फिरवून टिकाऊपणे मिळणार नाही, हा याचा अर्थ आहे.

शक्ती कशी वाढते : एंजिनाची शक्ती म्हणजे पीडन परिबल (फिरविण्याचा जोर) व परिभ्रमण वेग यांचा गुणाकार होय. त्यामुळे शक्ती वाढविण्याचे दोन मार्ग संभवतात. वेग वाढविला, तर पुढेमागे होणाऱ्या भागांवरील जडत्वीय प्रेरणा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतात. मिनिटास २,५०० ऐवजी ३,००० फेरे केल्यास वेग २० टक्क्यांनीच वाढतो, परंतु संयोगदांड्यावरील जडत्वीय ताण ४४ टक्क्यांनी वाढतो. मालमोटारीस अतिवेगाची गरज नसते. चढावर ओढ टिकावी हा तिचा मुख्य हेतू असल्यामुळे मध्यम वेगावरील पीडन परिबल वाढविणे हाच मार्ग योग्य ठरतो.

पीडन परिबल वाढविण्यासाठी प्रत्येक स्फोटात अधिक इंधन जाळावे लागते. एक किग्रॅ. डीझेल पूर्ण जळण्यास सिद्धांततः सु. १४.५ किग्रॅ. हवा लागते. परंतु इंधन व हवा एकजीव होण्यास सिलिंडरात फारच थोडा वेळ मिळत असल्याने प्रत्यक्षात याहून बरीच अधिक हवा पुरवावी लागते. ती न पुरविता इंधन वाढविल्यास काही भाग अर्धवट जळतो व काळा धूर निघतो. असा धूर हे शक्तीचे लक्षण आहे, अशी समजूत आढळते. वास्तविक ते वाया गेलेल्या इंधनाचे आणि वाढत्या तापमानाचे लक्षण आहे.

वाढलेल्या दाबाची कल्पना पुढील आकड्यांवरून येईल. १०२ मिमी. व्यासाच्या दट्ट्याच्या माथ्याचे क्षेत्रफळ सु. ८१.७ चौ. सेंमी. असते. ज्वलनाचा कमाल दाब १२० बार धरल्यास दट्ट्यावर सु. १० टन वजनाइतकी प्रेरणा पडते. दाब १५० बार झाल्यास ती साडेबारा टनांवर जाते. तितकीच प्रेरणा सिलिंडर शीर्षास वर उचलू पाहते. सरासरी ताशी ५० किमी. वेगाने ५ लक्ष किमी. अंतर कापण्यास १०,००० तास लागतात. मिनिटास सरासरी १,६०० फेरे धरल्यास या काळात भुजादंड म्हणजे क्रँकशाफ्ट ९६ कोटी वेळा फिरतो व प्रत्येक सिलिंडरात ४८ कोटी स्फोट होतात. इतका भार सोसलेल्या धातूवर अधिक भार घालावयाचा असल्याने त्याची आधी कसून तपासणी करणे अगत्याचे ठरते.

झीज व तिचे निदान : गाडीने किती किलोमीटर अंतर कापले यावरून एंजिनाच्या स्थितीचा केवळ अंदाज येतो. नियमित तेलबदल, स्वच्छ हवागाळणी व माफक भार लाभलेले एंजिन दीर्घकाळानंतरही सुस्थितीत असू शकते. उलट फुटक्या हवानळीतून धूळ ओढणारे एंजिन काही हजार किलोमीटरांतच झिजते. म्हणून एंजिन उकलण्यापूर्वीच पुढील परीक्षा करतात : प्रत्येक सिलिंडराचा संपीडन दाब, दट्ट्याच्या कड्यांवरून भुजापेटीत गळणाऱ्या वायूचे प्रमाण, एंजिन तापल्यावरील वंगण तेलाचा दाब, शीतन पाण्यात वायूचे बुडबुडे येतात काय, आणि वापरलेल्या तेलाचे रासायनिक विश्लेषण. तेलात लोह वाढल्यास सिलिंडर, कड्या वा दंतचक्रे यांची, तर शिसे व तांबे वाढल्यास धारव्यांची म्हणजे बेअरिंगांची झीज सूचित होते. लोहाबरोबर सिलिकॉनही वाढलेले असल्यास बाहेरील धूळ आत शिरत असण्याचा संभव मोठा असतो. झिजेचे मूळ कारण शोधून दूर केले नाही, तर नवे भागही त्याच कारणाने झिजतात.

उकल व मापन : एंजिन उकलताना प्रत्येक भागावर खूण करून तो कोणत्या सिलिंडराचा व कोणत्या बाजूस होता, हे नोंदविणे आवश्यक असते, कारण झिजेचे स्थान पाहूनच दोषाचे कारण समजते. सिलिंडराची झीज कडीच्या वरच्या टोकाशी सर्वाधिक होते, म्हणून व्यास वर, मध्ये व खाली आणि प्रत्येक ठिकाणी परस्परांस काटकोनात असलेल्या दोन दिशांनी मोजतात. वरील एंजिनात व्यास १०२.११६ मिमी. पेक्षा अधिक झालेला असल्यास, गोलाईतील फरक ०.०३८ मिमी. पेक्षा किंवा वरखालचा निमुळतेपणा ०.०७६ मिमी. पेक्षा जास्त असल्यास सिलिंडर पुन्हा कोरून घ्यावा लागतो. हे फरक माणसाच्या केसाच्या जाडीएवढे किंवा त्याहूनही कमी असल्याने ते बोटाने वा डोळ्यांनी कळत नाहीत. हाताच्या अंदाजावर केलेले काम व मापनावर आधारलेले काम यांतील भेद येथेच पडतो.

भुजादंडाच्या मानांचे व्यास मोजून झाल्यावर, मान व बाहू जेथे मिळतात त्या गोलाईत श्रांतीने (सततच्या बदलत्या भारामुळे) पडलेले सूक्ष्म तडे चुंबकीय कण परीक्षणाने शोधतात. संयोगदांडे, त्यांचे बोल्ट व सिलिंडर शीर्षातील दोन झडपांच्या आसनांमधील अरुंद पट्टी यांची अशीच तपासणी करतात. सिलिंडर ठोकळ्यातील पाण्याच्या मार्गांची दाबाखाली परीक्षा घेतात. १९९८ नंतरच्या काही ‘बी’ मालिका एंजिनांत ५३ हा ओतकाम क्रमांक असलेल्या ठोकळ्यांच्या बाहेरील भिंतीस तडे जाण्याची उदाहरणे प्रसिद्ध आहेत. अशा ठोकळ्यावर शक्तिवर्धनाचा खर्च करणे धोक्याचे असते.

यंत्रण व जुळणी : मोठ्या मालमोटारींच्या अनेक एंजिनांत सिलिंडराच्या आत लायनर नावाचे बदलता येणारे अस्तर असते, ते बदलल्यास एंजिन गाडीतून न काढताही बरेचसे काम होऊ शकते. ‘बी’ मालिकेतील या एंजिनात असे अस्तर नसून दट्ट्या ठोकळ्याच्याच धातूवर घासतो. त्यामुळे ठोकळा यंत्रशाळेत नेऊन ०.५ किंवा १ मिमी. अधिक व्यासाचा कोरावा लागतो आणि त्या मापाचे दट्ट्ये घालावे लागतात. तेही शक्य नसल्यास दुरुस्तीचे अस्तर ठोकून बसवितात. कोरल्यानंतर सिलिंडराच्या पृष्ठावर होनिंगने आडव्यातिडव्या सूक्ष्म रेघा पाडतात. या रेघांत तेल धरून राहते व नव्या कड्या लवकर बसतात. नंतर ठोकळा गरम साबणपाण्याने व ब्रशाने धुणे अत्यावश्यक असते. रेघांत अडकलेली घर्षकाची पूड केवळ रॉकेलने वा डीझेलने निघत नाही आणि ती राहिल्यास नव्या कड्या व धारवे झपाट्याने झिजतात.

कडीच्या दोन टोकांतील फट योग्य असणे महत्त्वाचे आहे. फट फार कमी ठेवल्यास तापल्यावर प्रसरणाने टोके एकमेकांवर आदळून कडी मोडते व सिलिंडराला ओरखडे पडतात. शक्ती वाढवावयाच्या एंजिनात दट्ट्या अधिक तापणार असल्यामुळे ही फट निर्मात्याने दिलेल्या मर्यादेच्या वरच्या बाजूस ठेवतात. दट्ट्याच्या खालच्या बाजूवर तेलाचा फवारा सोडणाऱ्या तोट्या मोकळ्या आहेत याची खात्री करतात. त्यांपैकी एक जरी तुंबली, तरी त्या सिलिंडरातील दट्ट्या प्रथम निकामी होतो.

सिलिंडर शीर्ष सपाट करून, झडपा व त्यांची आसने घासून आणि झिजलेल्या मार्गदर्शक नळ्या बदलून घेतात. हवेचा दाब वाढवावयाचा असल्यास झडपांच्या स्प्रिंगा अधिक ताठ घालतात व शीर्ष आवळण्यासाठी उच्च बलाचे स्टड वापरतात. बोल्ट ठरलेल्या क्रमाने, टप्प्याटप्प्याने व मापकयुक्त पान्यानेच आवळावे लागतात. पहिल्या बारा झडपांच्या प्रकारात थंड एंजिनावर अंतर्गम झडपेची फट ०.२५४ मिमी. व निष्कास झडपेची ०.५०८ मिमी. ठेवतात. याच प्रकारात पुढील दंतचक्रपेटी जागेवर धरणारी एक लहान पोलादी खुंटी कंपनाने सैल होऊन दंतचक्रांत पडू शकते. तिच्यापुढे पट्टी बसवून तिला अडविणे हे काही मिनिटांचे काम आहे. ते राहून गेल्यास नव्याने बांधलेल्या एंजिनाची पेटी फुटू शकते. एंजिनाची विश्वसनीयता अशा लहान बाबींवरच अवलंबून असते.

हवेचा पुरवठा : निष्कास वायूंच्या ऊर्जेवर फिरणारे टरबाइन व त्याच अक्षावरील हवासंपीडक मिळून टर्बोचार्जर होतो. संपीडनामुळे हवा तापते आणि तापलेली हवा विरळ होते. २७° से. तापमानाची हवा वातावरणाच्या दुप्पट दाबास नेल्यास, संपीडकाची कार्यक्षमता ७० टक्के धरून, तिचे तापमान सु. १२० से. होते व घनता दुपटीऐवजी सु. दीडपटच होते. हीच हवा आंतरशीतकातून नेऊन ६०° से. पर्यंत थंड केली, तर घनता सु. १.८ पट होते. म्हणजे दाब न वाढविताही सु. १८ टक्के अधिक हवा मिळते. शिवाय ज्वलनाचे तापमान कमी राहते. यामुळेच जुन्या एंजिनाच्या शक्तिवर्धनात आंतरशीतक, गळती नसलेल्या हवानळ्या व मोकळी हवागाळणी यांना अग्रक्रम दिला जातो. फार मोठा टर्बोचार्जर बसविल्यास तो कमी वेगावर पुरेशी हवा देत नाही. चढावर नेमका तोच वेग उपयोगात असल्याने गाडी धूर ओकते व ओढ मंदावते.

इंधनाचा पुरवठा : १९८९ ते १९९३ मधील गाड्यांत फिरत्या वाटपाचा, १९९४ पासून ओळीने मांडलेल्या दट्ट्यांचा व १९९८ नंतर इलेक्ट्रॉनीय नियंत्रणाचा इंधन पंप वापरला गेला. यांत्रिक पंपात कमाल इंधन एका मर्यादापट्टीने ठरते आणि टर्बोचार्जरचा दाब चढेपर्यंत इंधन रोखून धरणारा एक पडदा असतो. हा पडदा निरुपयोगी करून किंवा मर्यादापट्टी काढून टाकून शक्ती वाढविण्याचा प्रघात सर्वत्र दिसतो. पण त्यात हवा येण्याआधीच इंधन शिरते. प्रथम अंतःक्षेपकांच्या तोट्या परीक्षण यंत्रावर तपासून सर्वांचा उघडण्याचा दाब व फवारा सारखा करणे आवश्यक असते. एकाच तोटीतून थेंब गळत असल्यास त्या दट्ट्याच्या माथ्यास भोक पडू शकते. इलेक्ट्रॉनीय फिरत्या पंपास त्यातून वाहणारे इंधनच वंगण व शीतन पुरविते. म्हणून टाकीकडून इंधन ओढणारा लहान पंप दुबळा झाल्यास महागडा मुख्य पंपही निकामी होतो. अंतःक्षेपण फार लवकर सुरू केल्यास कमाल दाब व नायट्रोजनाची ऑक्साइडे वाढतात. फार उशिरा केल्यास निष्कास वायू अधिक तापतात.

उष्णतेचे नियमन : शक्तिवर्धित एंजिनाची खरी मर्यादा उष्णता ठरविते. इंधनातील ऊर्जेपैकी निम्म्याहून कमी भागाचे कार्यात रूपांतर होते. बाकीची निष्कास वायू, शीतक व तेल यांतून बाहेर न्यावी लागते. दट्ट्या ज्या ॲल्युमिनियम-सिलिकॉन मिश्रधातूचा असतो, ती सु. ५७७° से. ला वितळू लागते. निष्कास वायू याहून तप्त असूनही दट्ट्या टिकतो, कारण तो तेलाने व सिलिंडर भिंतीने सतत थंड होत असतो. हा समतोल ढळू नये म्हणून टरबाइनाच्या आधी तापमापक बसवितात. दीर्घ चढावर तेथील तापमान सु. ६८० से. पेक्षा अधिक राहू न देणे इष्ट मानले जाते. ते वाढू लागल्यास खालचा गिअर टाकून प्रवेगकावरील पाय थोडा उचलणे हा तात्काळ उपाय होय. रेडिएटराची आतून व बाहेरून सफाई, ठीक चालणारा थर्मोस्टॅट आणि चढ संपल्यावर एंजिन काही मिनिटे मंद चालवून टर्बोचार्जरचे धारवे थंड होऊ देणे, ही कामे तितकीच महत्त्वाची आहेत.

प्रारंभिक चालन : नवे एंजिन सुरू करण्यापूर्वी तेलाचा दाब सर्व मार्गांत पोहोचवितात. पहिल्या तासांत एंजिन बराच वेळ भाराविना मंद चालविणे चूक आहे. कारण दाबाअभावी कड्या सिलिंडरावर बसत नाहीत, पृष्ठ चकचकीत होते व एंजिन कायमचे तेल खाऊ लागते. कामाच्या तापमानास पोहोचल्यावर मध्यम व बदलता भार देणे योग्य असते. काही शे किलोमीटरांनंतर तेल व गाळणी बदलून गाळणीत धातूचे कण आहेत काय हे पाहतात. इंधनवाढ यानंतरच, थोडीथोडी व शक्तिमापक यंत्रावर किंवा ठरलेल्या चढावर तापमान पाहत करतात.

गाडीचे इतर भाग व कायदा : वाढलेले पीडन परिबल क्लच, गिअरपेटी, चालकदंड व मागील आस यांना सोसावे लागते, एंजिन टिकूनही यांपैकी दुर्बळ भाग तुटतो. ब्रेक मात्र एंजिनाबरोबर सुधारत नाहीत. सह्याद्रीच्या घाटांसारख्या रस्त्यांवर चढणीत मिळालेल्या अधिक शक्तीच्या भरवशावर गाडीत जादा भार घातल्यास तो उतारावर थोपविण्याचे काम जुन्याच ब्रेकांवर पडते व त्याचा परिणाम जीवघेणा ठरू शकतो.

पुणे येथे १९६२ मध्ये किर्लोस्कर कमिन्स कंपनी स्थापन झाल्यापासून या बनावटीच्या एंजिनांचा महाराष्ट्राशी संबंध आहे. १९९३ मध्ये स्थापन झालेल्या टाटा कमिन्स या संयुक्त कंपनीच्या जमशेटपूर येथील कारखान्यात ‘बी’ मालिकेची एंजिने टाटा मालमोटारींसाठी तयार होऊ लागली. पुढे सातारा जिल्ह्यातील फलटण येथेही तिचा कारखाना निघाला. भारतातील कर्मशाळांत पुनर्बांधणीच्या कामाचे ‘हाफ इंजिन’ व ‘फुल इंजिन’ असे दोन प्रकार रूढ आहेत : पहिल्यात सामान्यतः दट्ट्ये, कड्या व शीर्ष यांचे, तर दुसऱ्यात भुजादंडासह सर्व भागांचे काम होते. शक्ती वाढवावयाची असल्यास पहिला प्रकार पुरेसा नाही. कारण वरच्या भागाची गळती थांबताच वाढलेला दाब खालच्या झिजलेल्या धारव्यांवर पडतो.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याने मुळात निर्दिष्ट केलेल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा फेरबदल वाहनात करण्यास निर्बंध आहेत. अमेरिकेतही निष्कास नियंत्रणाची साधने निकामी करणे कायद्याने निषिद्ध आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये डीझेल एंजिनाचा निष्कास वायू मानवात कर्करोग निर्माण करणारा ठरविला आहे. त्यामुळे धुराचा प्रश्न केवळ इंधनाच्या अपव्ययाचा राहिलेला नाही. भारतात एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज-६ मानकांच्या एंजिनांत इंधन, हवा व निष्कास शुद्धीकरण यांचे नियंत्रण एकत्रित असल्याने त्यांत हाताने फेरबदल करण्यास फारसा वाव नाही. जुन्या एंजिनाच्या बाबतीत, मूळ मापांत आणलेले, पुरेशी थंड हवा मिळणारे व धूर न सोडता माफक अधिक शक्ती देणारे एंजिनच मालकास परवडते. बहुतेकदा कमी झाल्यासारखी वाटणारी शक्ती ही झिजेने व गळतीने हरवलेली मूळ शक्तीच असते आणि ती केवळ काटेकोर पुनर्बांधणीने परत मिळते.